हिरवी खूण कुणी दिली

चाळिशी ओलांडल्यावर मी वेबसाइट बनवायला शिकायला लागले. घरात कुणी हसलं नाही, पण कुणी फारसं मनावरही घेतलं नाही. सासूबाईंच्या आजारपणात मी नोकरी सोडली होती. पुढे त्या गेल्या, मुलगी कॉलेजात जाऊ लागली, आणि मला दुपार खायला उठू लागली. म्हणून कामोठ्यात एका क्लासला नाव घातलं. खालच्या मजल्यावर दहावीची ट्यूशन चालायची, वर आमचा क्लास. शिकवणारी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. ती मला ताई म्हणायची, मी तिला मॅडम.

दुसऱ्याच आठवड्यात तिने सांगितलं होतं, "वेबसाइटचं काम दोन ठिकाणी चालतं. काही काम पान उघडणाऱ्याच्या फोनमध्ये होतं, त्याला क्लायंट साइड म्हणायचं. काही काम आपल्या लांबच्या कॉम्प्युटरवर होतं, ती सर्व्हर साइड. कुठलं काम कुठे करायचं हे ज्याला कळलं, त्याला अर्धं आलं."

मी ते वहीत उतरवून घेतलं. पण मन रमलं ते पहिल्यातच. चार ओळी लिहिल्या की बटणाचा रंग बदलायचा, फोन नंबरात आकडा कमी पडला की तिथल्या तिथे लाल अक्षरं यायची. केलेलं लगेच डोळ्यांना दिसायचं. सर्व्हरचं काम मला कोरडं वाटे. माहिती येते, जपली जाते, परत दिली जाते. बघायला काहीच नाही. ते मी जेमतेम चालेल इतकंच शिकले.

क्लास संपल्यावर पहिलं काम मिळालं ते रोडपालीतल्या एका डायलिसिस केंद्राचं. माझ्या नणंदेची मैत्रीण तिथली मुख्य सिस्टर होती. केंद्रात सात बेड. पेशंटचे वार ठरलेले, पण कुणाकडे लग्न निघतं, कुणाला गावी जायचं असतं, मग वार बदलायचा. हे सगळं फोनवर चाले. "दिवसभर फोन घेते ग मी," सिस्टर म्हणाली, "पेशंटकडे बघू कधी? मोकळे बेड लोकांना घरूनच दिसले आणि धरता आले तर बरं होईल."

तीन आठवडे खपून मी पान तयार केलं. मोकळे बेड निळे, भरलेले राखाडी. निळ्यावर बोट ठेवलं की पान आधी तपासायचं, बेड मोकळा आहे ना. मग मोठी हिरवी खूण उमटायची आणि खाली शब्द: 'तुमचा बेड नक्की झाला.' सिस्टरला ते फार आवडलं. मीही घरी सगळ्यांना दाखवलं.

महिनाभर ते बिनबोभाट चाललं. मग एका शनिवारी सकाळी साडेआठला सिस्टरचा फोन आला. "जरा येतेस का? एका बेडवर दोघं आलेत."

रिक्षाने पोचले तेव्हा बाहेरच्या बाकावर उरणच्या मोऱ्याहून आलेले एक म्हातारे कोळी बाबा बसले होते. पाय सुजलेले, धाप लागलेली. शेजारी त्यांची सून. बाबांचे वार मंगळवार आणि शुक्रवार, पण शुक्रवारी घरात पुतणीची हळद होती, म्हणून तिने शनिवार सकाळचा बेड धरला होता. समोरच्या बाकावर पनवेलचे एक चाचा. उमेदीची वर्षं आखातात काढून आलेले, पांढऱ्या दाढीचे, इस्त्रीच्या कपड्यांतले. त्यांनीही तोच बेड धरला होता. सिस्टरच्या यादीत नाव फक्त चाचांचं होतं.

सुनेने फोन माझ्यापुढे धरला. बेड धरला त्या दिवशी तिने पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. "ताई, ही बगा हिरवी खूण. नक्की झाला असं लिवलंय. मग यादीत आमचं नाव नाय कसं?"

सिस्टरच्या टेबलाशी बसून मी नोंदी उघडल्या. गुरुवारी दुपारी दोघांनी पान उघडलं होतं. त्या क्षणी बेड खरोखरच मोकळा होता, म्हणून दोघांच्या फोनवर तो निळा दिसला. सुनेने बटण दाबलं, नोंद झाली. पाच-सात मिनिटांनी चाचांनी दाबलं. त्यांच्या फोनला मधल्या मिनिटांत काय घडलं याचा पत्ता नव्हता. त्याने आपल्याजवळच्या जुन्या चित्रावरून ठरवलं की बेड मोकळा आहे. आणि माझ्या सर्व्हरने काही न विचारता बाबांचं नाव पुसून चाचांचं लिहिलं. तपासण्याचं काम मी सगळं फोनवर टाकलं होतं; सर्व्हरला तपासायला शिकवलंच नव्हतं.

तोवर डॉक्टर आले. त्यांनी दोघांना तपासलं, शेवटचं डायलिसिस कधी झालं ते विचारलं. बाबांचं मंगळवारी, चाचांचं गुरुवारी. "बाबांना आत्ताच घ्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. मग चाचांकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमची नेहमीची वेळ संध्याकाळची ना? तो बेड रिकामाच आहे. चालेल?"

चाचांनी समोरच्या बाबांकडे पाहिलं. मग म्हणाले, "चालेल, डॉक्टरसाहेब. त्यांची तबियत जास्त नाजूक आहे. त्यांना घ्या."

बाबांना आत नेल्यावर मी चाचांपाशी गेले. सांगितलं की हे पान मी केलंय आणि चूक माझी आहे. त्यांनी मला बाजूला बसायला सांगितलं.

"सकाळची वेळ मुद्दाम घेतली होती मी," ते म्हणाले. "मुलगी आज संध्याकाळच्या विमानाने परत जाते. दोन वर्षांनी आली होती. विमानतळावर सोडायला जायचं होतं."

"आता?"

"आता घरूनच निरोप देईन. दुपारभर आहे ना ती." मग म्हणाले, "तुम्ही मुद्दाम तर नाही केलं. पण दुरुस्त करा. पुढच्या खेपेला दोघांचीही तबियत नाजूक असली तर कोण कुणाला जागा देईल?"

मला रागावले असते तर सोपं गेलं असतं.

सून बाहेर एकटीच बसली होती. मी तिला काय घडलं ते सांगू लागले. सर्व्हर हा शब्द ऐकून तिच्या कपाळाला आठी पडली, तेव्हा मी साधं सांगितलं. "ती हिरवी खूण केंद्राने दिलेली नव्हती. तुमच्याच फोनने दिली होती. चाचांच्या फोनने त्यांना दिली."

ती जरा विचार करून म्हणाली, "म्हंजे आमच्याच फोननं आमाला हो म्हणून सांगितलं. दवाखान्याला कुणी विचारलंच नाय."

क्लासमध्ये सहा महिने शिकून मला जे इतक्या नेमक्या शब्दांत सांगता आलं नसतं, ते ती बोलून गेली.

केंद्रातून मी थेट मॅडमकडे गेले. सगळं सांगून म्हटलं, "मला हे काम जमणार नाही. मी सिस्टरला सांगते दुसरं कुणी बघ."

तिने समजूत घातली नाही. लॅपटॉपवर माझं पान उघडलं, दोन-तीन ठिकाणी काही टिचक्या मारल्या, आणि माझी तपासणीची ओळच पानातून काढून टाकली. मग तिने चाळीस नंबरचा बेड धरला. केंद्रात बेड सात. तरी हिरवी खूण उमटली.

"फोनवर पाठवलेलं पान त्या माणसाच्या ताब्यात जातं, ताई," ती म्हणाली. "जुनं होतं, कुणी बदलूही शकतं. तिथली तपासणी हवीच, कारण चूक लगेच कळते, माणूस ताटकळत नाही. पण ती त्याच्या सोयीसाठी. खरं काय ते ठरवायचं सर्व्हरवर, नोंद करतानाच." चाळीस नंबरची नोंद पुसताना ती पुढे म्हणाली, "आणि चूक माझीही आहे. तुमचं पान दिसायला इतकं छान होतं की मी आतलं बघितलंच नाही."

त्या दिवशीच मी पान बंद केलं आणि सिस्टरला पुन्हा फोनवर नोंदी घ्यायला सांगितलं. मग चार दिवस मॅडम आणि मी बसलो. एका वेळेला एका बेडवर एकच नाव, दुसरं आलं तर घ्यायचंच नाही, हा नियम सर्व्हरवर लिहिला. सर्व्हरने होकार दिल्याशिवाय फोनवर खूण उमटायची नाही. यामुळे बटण दाबल्यावर किंचित थांबावं लागायचं. पूर्वी मला तो उशीर खपला नसता. मग तिने तिचा फोन घेतला, मी माझा, आणि तीन म्हणताच दोघींनी एकच बेड दाबला. तिला खूण आली. माझ्या फोनवर शब्द आले: 'नोंदणी अयशस्वी.' असं आम्ही वीसेक वेळा केलं. कधी ती जिंकायची, कधी मी, पण दोघी एकदम कधीच नाही.

पान पुन्हा सुरू करण्याआधी मी केंद्रात दाखवायला गेले. बाबा आत होते, सून बाहेर. तिला म्हटलं, तुम्हीच बघा. तिने मला मुद्दाम भरलेला बेड दाबायला लावला आणि आलेले शब्द वाचून विचारलं, "अयशस्वी म्हंजे काय? नापास?"

"म्हणजे बेड मिळाला नाही."

"मग तसं लिवा की. आणि पुढं काय करायचं तेबी लिवा. माणूस घाबरलेला असतो ताई, त्याला नुसतं नाय म्हणू नका."

तिथेच बसून मी शब्द बदलले: 'हा बेड आत्ताच दुसऱ्या पेशंटने घेतला. जवळचे मोकळे बेड खाली आहेत. अडचण असेल तर सिस्टरला फोन करा.' तिने ते मोठ्याने वाचलं आणि बरंय म्हणाली.

चाचा त्यानंतर एकदा भेटले. मुलीच्या घरी सगळं ठीक होतं, फोनवर रोज बोलणं होतं. पान दुरुस्त केल्याचं मी त्यांना सांगितलं. आपल्याला फोनवर बोलूनच वार बदलणं बरं वाटतं, असं ते मोकळेपणाने म्हणाले, आणि सिस्टरने त्यांना तशी मुभा दिली आहे. त्यांचं नाव ती स्वतः पानावर भरते.

आता माझ्याकडे आणखी दोन-तीन ठिकाणची कामं आहेत. सर्व्हर नाकारतो त्या नोंदींचीही एक यादी असते, ती मी आठवड्यातून एकदा बघते. मागे एकदा त्यात दिसलं, कुणीतरी सोमवारचा भरलेला बेड दाबला होता. नकार मिळाला. पाऊण मिनिटाने त्याच फोनवरून मंगळवार सकाळचा बेड धरला गेला आणि तो मिळाला. माणूस कोण ते मी शोधलं नाही. मंगळवारी दहा वाजता सिस्टरला फोन करून नुसतं विचारलं, सगळे आले का. "सगळे आले, आपापल्या बेडवर आहेत," ती म्हणाली, "का ग?" काही नाही म्हटलं, आणि कामाला लागले.