स्टँडसमोरचा फ्लेक्स

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतोय म्हणून छातीवरचं ओझं उतरेल, असंही वाटत नाही. काहीच वाटत नाही — हेच खरं.

आमच्या मुखेडात कशाचाही फ्लेक्स लागतो. पोरगा तलाठी झाला, फ्लेक्स. पुतण्याचा पहिला वाढदिवस, फ्लेक्स. एकानं तर नव्या ट्रॅक्टरचा लावला होता, शेजारी स्वतः गॉगल घालून. मग ज्याच्या घरात कमांडो आहे, त्यानं गप्प बसायचं?

कमांडो म्हणजे माझा धाकटा भाऊ, बालाजी. मीही तीनदा भरतीला पळालो होतो. तिन्ही वेळा छाती कमी भरली. शेवटी शाळेत मास्तर झालो.

लढाई तोंडावर होती तेव्हा तो चार दिवस सुट्टीवर आला. वडिलांना आणि मला त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला — वाढलेली दाढी, लांब लोकरी झगा, मेंढपाळाचा वेश. याच वेशात सीमेपलीकडं जायचं होतं. वडिलांनी हट्टच धरला, म्हणून तो फोटो त्यांच्या मोबाइलवर टाकला. "बाबा, तुमच्या दोघांबिगर कुनाला दिसू देऊ नका," एवढंच म्हणाला आणि गेला.

आठ दिवसांनी वडील झोपलेले असताना मी त्यांच्या मोबाइलमधून तो फोटो घेतला. का? अभिमान म्हणून? की, हा बघा कमांडोचा भाऊ, असं गावानं म्हणावं म्हणून? इतकी वर्षं विचार करूनही मला चांगलं कारण सापडलेलं नाही.

एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. 'गुप्त कमांडो मोहिमेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' गुप्त हा शब्द मीच मोठ्या टायपात घ्यायला लावला — हसू येतं ना? खाली शुभेच्छुक म्हणून फेटा बांधलेले वडील. माझा फोटो टाकला नाही. कुठंतरी भीती होतीच, म्हणजे. वडील फ्लेक्स बघून दचकले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पोराचा चेहरा कळत होता. मी म्हणालो, बालाजीचाच फोन आला होता, आता हरकत नाही. त्यांनी विश्वास ठेवला. बराच वेळ फ्लेक्सखाली उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्यांनी फोटो काढले, पुढं पाठवले.

सीमेपलीकडं शत्रू बालाजीच्या तुकडीची वाटच पाहत होता. बालाजीचे दोन साथीदार तिथंच राहिले. तो परत आला, डावा पाय गुडघ्यापासून गेलेला. पकडलेल्या एका माणसाच्या मोबाइलमध्ये आमचा फ्लेक्स निघाला, वडिलांच्या फेट्यासकट.

दवाखान्यातून त्यानं फोन केला. स्पीकर चालू होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "बाबा, तुमी लावला?"

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. एवढंच केलं मी — खाली पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "म्याच लावला."

चौकशीला आलेल्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार? दम देऊन निघून गेले. चार दिवसांनी सांगू, बालाजी जरा बरा झाला की सांगू, असं मी म्हणत राहिलो. बालाजी घरी आलाच नाही. विष्णुपुरीला खोली करून राहिला. वडील त्यानंतर सहा वर्षं जगले. दर दिवाळीला आंघोळ करून दारात बसायचे. मला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. मीही नाही बोललो.

मयतीला तो आला. कुबड्या भिंतीला टेकवून लांब बसला. तोंडात पाणी घालायला बोलावलं, तर मान हलवून नाही म्हणाला. तेव्हा सांगता आलं असतं. तो दहा पावलांवर होता. मी अग्नी दिला.

दर रविवारी त्याचा फोन येतो. परवा म्हणाला, "दादा, त्या घरात तू एकलाच माझा होतास."

मी त्याला विचारलं, तिकडं नळाला पाणी रोज येतं का. एक दिवसाआड येतं, म्हणाला.