काकूनं फेकलेली चिडाची फळं

आज दुपारी शेजारचे रामराव शिमल्याहून आणलेलं लाकडी फळ दाखवायला आले. "देवदारचं हाय," म्हणाले.

मी म्हणालो, "न्हाई रामराव, चिडाचं, म्हंजी पाइनचं. देवदारचं फळ झाडावरच सुटं होऊन गळतं, असं अख्खं घावत न्हाई. चिडाच्या सुया, म्हंजी सुईवानी पानं, तीन-तीनच्या जुडीत असतात, कैल ह्या दुसऱ्या पाइनच्या पाच-पाचच्या."

"तुमाला कसं ठाव?"

लोकहो, त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो.

माझा काका फौजेत होता. सुट्टीवर येताना डोंगरातून ही फळं, सुया आणायचा, आम्हाला ओळखायला शिकवायचा. काकू ती देवळीत मांडायची. नामांतराच्या दंगलीत पूर्णेकडच्या आमच्या गावात आवई उठली, की बौद्धवाड्यात फौजीनं बॉम्ब आणून ठेवलेत. भर दुपारी कुऱ्हाडी घेऊन जमाव आला. काका ड्युटीवर. काकूनं देवळीतली फळं उचलून त्यांच्यावरच भिरकावली.

"बॉम्ब हाय, पळा!" जमावातलाच कुणी ओरडला. सगळे पांगले.

मग एकानं फळ उचलून पाहिलं. नुसतं लाकूड! तसे पिसाळून परत फिरले. कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्यानं काकूचा हात मोडला, घर पेटवलं.

पंचनाम्याला आलेल्या साहेबाला काकूनं एकेकाचं नाव सांगितलं. साहेब म्हणाला, "बाई, गर्दीत माणूस ओळखू येत नसतो."

तीन सुयांवरून झाड ओळखू येतं. रोज राम राम घालणारा माणूस, हातात कुऱ्हाड घेतली म्हणून, तुम्हाला ओळखू येणार नाही का हो?