भाऊंचा ग्राइंडर आणि चारची वीज

मुलगी पाहायला आलेल्या लोकांना दोन तास नुसत्या पाण्यावर बसवून ठेवणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला, आणि पुढे तोच माझा सासरा झाला. आई, वडील आणि मी असे तिघे सव्वादोनला मांडवीतल्या त्यांच्या घरी पोचलो. मे महिना, वीज गेलेली, अंगाला सदरा चिकटलेला. हे गृहस्थ, म्हणजे भाऊ, खुर्चीतून न उठता म्हणाले, "बसा. कॉफी चार वाजता." आईला वाटलं, थट्टा करताहेत. अर्ध्या तासाने वडिलांनी चाचरत सुचवलं, "अर्धा कप चहा चालेल की आम्हांला." भाऊंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या घरात चहा होत नाही. हवा असेल तर खाली बंदरावर टपरी आहे. तिथे फक्त मुलगी दाखवत नाहीत."

सासूबाई, म्हणजे माई, दारातून हळूच म्हणाल्या, "कोकम सरबत तरी देऊ का?" त्यावर उत्तर आलं, "आंबट प्यायल्यावर कॉफी कोणत्या जिभेने पिणार आहेत ते?" माई आत गेल्या. दोन तांबे पाणी मात्र आलं.

वेळ काढायचा म्हणून त्यांनी माझी नोकरी विचारली. मी वीज खात्यात ज्युनियर इंजिनीअर होतो, गावातल्याच सबस्टेशनवर. हे ऐकून त्यांचा चेहरा प्रथमच खुलला. "म्हणजे ही सगळी तुमचीच कृपा." मी म्हटलं, भारनियमनाचं वेळापत्रक वरून येतं. "हो तर. वरून नुसता पाऊस येतो अशी आमची समजूत होती."

चारला पंखा फिरला आणि भाऊ उठले. आतून भरड, जड घरघर ऐकू आली. त्या आवाजात आईचं एक वाक्य बुडालं. मग फिल्टर टपकायला आणखी पाव तास. कप आले, वडिलांनी साखर मागितली आणि तीही मिळाली नाही. कॉफी कशी होती ते मला आजही सांगता येणार नाही. माझं लक्ष वासंतीकडे होतं. बापाच्या पाठीमागे उभी राहून ती हसू दाबत होती. त्या हसण्यापायी मी होकार दिला. बापाचा विचार केला असता तर अजून सडाफटिंग राहिलो असतो.

कर्नाटकात कॉफीच्या बिया पाखडून, निवडून पोत्यांत भरायचा एक कारखाना होता. भाऊंनी तिथे तीस वर्षं देखरेखीची नोकरी केली आणि अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीला परतले. माणूस निवृत्त होऊन आंब्याची चार कलमं लावतो, देवळात जातो. हे गृहस्थ ग्राइंडर शोधत बसले. कोइमतूरच्या एका कारागिराशी आठ महिने पत्रव्यवहार केला. मग भाजलेल्या बियांची पुरचुंडी घेऊन, माईंना बरोबर घेऊन तिथे गेले आणि तीन यंत्रं नापास केली. चौथं पसंत पडलं. अकरा किलोंचं ते धूड परत आणताना एका बसमध्ये दोघांत एकच जागा मिळाली. तिथे यंत्र बसलं. माई निपाणीपर्यंत उभ्या आल्या. ही हकीकत भाऊ स्वतः सांगत आणि वर म्हणत, "धक्का लागून चकती सरकली असती तर? हिची काय सरकणार होती?"

त्या चकत्यांवर त्यांचं कीर्तन ठरलेलं असे. पोलादाच्या दोन दातेरी चकत्या, एक स्थिर आणि एक फिरती, मधलं अंतर मागच्या स्क्रूने कमीजास्त करायचं. मी एकदा अजाणतेपणी विचारलं, मिक्सरमध्ये का नाही वाटत? "मिक्सरात पातं असतं, जावईबापू. पातं मारतं. थोडं पीठ होतं, थोडे खडे राहतात, आणि सगळं तापतं. जात्यात दळलं जातं, सगळं सारखं. तुमच्या खात्यात हा फरक शिकवत नसतील." शेजारच्या वहिनी धनेजिरे दळून मागायला आल्या तेव्हा त्यांना दारातच ऐकवलं, "गिरणीत गेलात की तुम्ही विचारता ना, आधी कुणाचं दळण होतं? मग मी नको विचारायला?" वहिनींनी त्यानंतर त्यांच्या अंगणातून जाणंच सोडलं.

दळलेली कॉफी पाव तासात मरते, हा त्यांचा सिद्धान्त. त्यामुळे आदल्या दिवशीची, सकाळची, डब्यातली अशी भुकटी चालत नसे. रोज सकाळी सहा आणि दुपारी चार. पितळेच्या एका चमच्याने बिया मोजायच्या, दळायच्या, बोटांत चोळून बघायच्या. आणि चिमटीत भरड लागली की माईंकडे बघायचं, जणू स्क्रू त्यांनी फिरवला. बिचाऱ्या माई चहाच्या माणूस. दूर्वा आणायच्या निमित्ताने रोज त्याच शेजारच्या वहिनींकडे जाऊन कपभर चहा पिऊन यायच्या. गणपतीला एवढ्या दूर्वा वर्षभरात कुणी वाहिल्या नसतील. भाऊंना हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. स्वतःच्या नाकापलीकडे बघायची त्यांना सवय नव्हती.

माझ्यासाठी त्यांचा खास आहेर होता. मी घरी गेलो की पहिला प्रश्न, "आज किती अंधार वाटलात?" मी इन्व्हर्टर बसवून देतो म्हटलं. नाही. "बॅटरीच्या विजेवर चकत्या रडतात." मग हाताने फिरवायची चक्की आणू का? "आणा. आणि फिरवायला तुम्हीच येत जा रोज." खलबत्त्याचं नाव काढलं तर म्हणाले, "त्यात काढ्याची औषधं कुटतात." माणसाने अडचणीत राहायचंच ठरवलं असेल तर त्याला कोण सोडवणार? मग खुर्चीत रेलून, माझ्याकडे न बघता ते म्हणायचे, "तसं काय, सगळं तुमच्याच हातात आहे म्हणा."

मला त्या वाक्याची किळस यायची. तेच वाक्य मी गावभर ऐकत होतो. लग्नघरवाले, वकील, कुठल्याशा पुढाऱ्याचा मेहुणा, सगळे गोड बोलून तेवढंच मागायचे: आमच्या आळीची वीज जरा आधी सोडा. पण वीज काही आभाळातून पडत नाही. मांडवीची लाइन आधी चढवायची तर मिरकरवाड्याची आधी पाडावी लागायची, आणि तिथे दुपारी बोटी लागल्या की बर्फाचे कारखाने चालू लागतात. बर्फ नसेल तर मासळी सडते. मी पाच वर्षांत कुणासाठी एक मिनिट हलवलं नव्हतं. मी फार हुशार नव्हतो, बढतीही रखडलेली होती. तेवढी एक गोष्ट मात्र माझ्यापाशी होती आणि तिचा मला माज होता. पेलाभर कॉफीसाठी हा माणूस ती मागतोय, या विचाराने मी त्यांना मनातल्या मनात फार हलकं समजत असे. वासंतीलाही बोलून दाखवायचो. ती म्हणायची, "भाऊ मागत नाहीत हो, टोचतात." मला त्यात फरक दिसत नव्हता.

पुढे भाऊंना पोटाचं दुखणं लागलं आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. जेवण सुटलं, कॉफीही सुटली. महिनाभर यंत्र झाकून ठेवलेलं होतं. आजारपणाने माणूस मऊ होतो म्हणतात. भाऊ झाले नाहीत. भेटायला येणाऱ्याने नारळपाणी आणलं तर म्हणायचे, "शहाळं पाजून पाठवताय होय मला."

एके दिवशी तीनच्या सुमाराला त्यांनी डोळे उघडले आणि माईंना म्हणाले, "अर्धा कप जाईल असं वाटतंय." माईंची धावपळ उडाली. त्यांनी झाकण काढलं, चमचा मोजून बिया वरच्या नरसाळ्यात टाकल्या, दूध ठेवलं. वीज चारला येणार होती. डॉक्टर सकाळीच मला बाजूला घेऊन म्हणाले होते की आता तासांचा हिशेब धरा. वासंतीने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर तिने माझ्या कामात कधी तोंड घातलं नव्हतं. "एवढा एक फोन करा ना," ती म्हणाली.

मी अंगणात जाऊन सबस्टेशनला फोन लावला. ड्यूटीवर सावंत होता. म्हणाला, "सायेब, मांडवी आत्ता चढवायची तर मिरकरवाडा आत्ता पाडायला लागेल. बोटी लागल्यात तिकडे. पाडू काय?" मी म्हटलं, "पाड."

आत आलो तोवर पंखा फिरू लागला होता. माईंचा हात बटणाकडे गेला.

"थांब," भाऊ म्हणाले. त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन झाले होते. "चारची वीज सव्वातीनला कशी आली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच मला अरे-तुरे केलं. "कुणाची काढलीस?"

"मिरकरवाड्याची."

"या वेळी तिथे बर्फ लागतो." एवढं बोलून ते दमले. मग थांबून थांबून म्हणाले, "पाच वर्षं तुला टोचून बघत होतो. हलला नाहीस. वासंतीच्या आईला मी म्हणायचो, पोरगा नीरस आहे, चहा पितो, पण एवढं एक खणखणीत आहे. तेही घालवलंस माझ्यापायी." आणि माईंना म्हणाले, "बंद कर ते दूध. चारला बघू."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पुन्हा अंगणात गेलो आणि सावंतला लाइन परत करायला सांगितली. पंखा थांबला. चारला तो आपसूक फिरला तेव्हा भाऊंना ग्लानी होती. वासंतीने दोनदा हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मरणाच्या दारातही त्या माणसाने माझी लायकी काढली. अर्धा कप पिऊन टाकला असता तर काय बिघडणार होतं? जावयाने लाजेकाजेस्तव काही केलं, तर सासऱ्याने तेवढी लाज झाकावी. पण समोरच्याचा मान राखायचं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. मला ते कधी आवडले नाहीत, आजही आवडत नाहीत. त्यांना मात्र मी आवडत होतो, निदान त्या सव्वातीनपर्यंत, हे मला कळायला नको होतं.

तेराव्यानंतर माईंनी घरात पहिल्यांदा चहा टाकला. दोन कप मन लावून प्यायल्या. मला त्याचं बरं वाटलं. मग म्हणाल्या, "ते धूड तुम्ही न्या हो, ओटा मोकळा होईल." घरी आणून झाकण काढलं तर नरसाळ्यात त्या दिवशीच्या बिया तशाच होत्या, मोजून एक चमचा.

मी चारची वाट पाहिली. वीज आल्यावर दळल्या, चिमटीत चोळून पाहिल्या, फिल्टर लावला. पंधरा दिवस नरसाळ्यात पडलेल्या त्या बियांत काही राहिलं नव्हतं. कोळशाचं पाणी लागत होतं. भाऊंनी त्याची चूळसुद्धा भरली नसती. मी साखर न घालता ती सगळी प्यायलो.