नाताळाचं बारसं

चहा घ्या आधी. गोष्ट ऐकताना तुम्ही हसणार, आणि हसताना चहा सांडला तर रूथ मलाच बोलेल. तशी ती या गोष्टीवरून मला आजवर इतकं बोललीय की आणखी थोडं चालेल म्हणा.

माझ्या हातून एकदा नाताळच्या जेवणाचा असा काही घोटाळा झाला, की माझ्या जन्मदात्याच्या थोरल्या भावाला वाटलं, मी माणसं खातो. काय, बसत नाही ना विश्वास? मग ऐका.

तीस सालानंतरची गोष्ट. मी इंदापुरात कॅनॉल खात्यात कारकून होतो. नाव दाविद. वडील लहानपणीच मिशनच्या शाळेत गेले, तिथंच ख्रिस्ती झाले, आणि निरवांगीचं घर सुटलं ते सुटलंच. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे आबा, गावीच. आधी मेंढरं राखायचे, मग पाटाचं पाणी आलं तशी शेती करू लागले. भावाभावांत भांडण म्हणावं तर नव्हतं. पण एकमेकांच्या घरचं पाणी बंद. वडील वारले तेव्हा आबा आले, ओट्यावर बसून रडले, आणि पाण्याला न शिवता उठून गेले. ते काही माझ्या मनातून जाईना.

लग्न झालं. रूथ नगरची, चांगली पाच बहिणींच्या गजबजाटात वाढलेली. इंदापुरातला पहिला नाताळ आम्ही दोघांनीच एकमेकांकडे बघत काढला. दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, मला हे असं जेवण जात नाही, तुमच्या माणसांना बोलवा. मी म्हटलं, माझी माणसं आपल्या घरी जेवत नाहीत. ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलंय का?

विचारलं नव्हतं. खरंच नव्हतं.

आता आली का पंचाईत. 'नाताळाला या' असं सांगितलं तर आबांना वाटायचं, पुतण्या बोलावून घेऊन डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडतोय की काय. म्हणून मी शक्कल लढवली. आमच्या बाजाराला निरवांगीचा म्हादू गाडीवान यायचा. त्याला गाठलं, पान खिलवलं आणि म्हटलं, आबांना एवढंच सांग, आमच्या घरी बाळाच्या जन्माचा सण आहे, तुमी समद्यांनी जेवायला यावं. आणि जाता जाता अभिमानानं केकचंही सांगितलं. रूथनं बारामतीहून मैदा नि मनुका मागवल्या होत्या.

हा निरोप मी घरी दोनदा घोकला होता बरं का. 'नाताळ' हा शब्दच नाही त्यात! मी स्वतःवरच खूश.

पुढच्या बाजाराला म्हादू आला. म्हणाला, आबा येतोय म्हणालेत, आणि थोरल्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरली आई म्हणजे आबांची बायको. हे ऐकून माझ्याही डोळ्यांत आलं. एवढ्या वर्षांचा दुरावा माझ्या एका वाक्यानं मिटला! मी रूथला बजावून ठेवलं, बाई, पहिल्यांदा येतायत, आपल्या पद्धती वेगळ्या, त्यांच्या वेगळ्या. थोरली आई जे म्हणेल त्याला हो म्हण. काही म्हणजे काही विचारू नकोस.

आता माझं हे शहाणपण ध्यानात ठेवा.

नाताळच्या दिवशी उन्हं वर आली तशा दोन बैलगाड्या दारात उभ्या राहिल्या. आबा, थोरली आई, दोन चुलतभाऊ, त्यांच्या बायका, पोरंटोरं. पाठोपाठ गाडीतून उतरला एक पाळणा. रंगवलेला, चिमण्या टांगलेला. मला वाटलं, धाकट्या वहिनीचं मूल तान्हं असेल. मग उतरला डिंकाच्या लाडवांचा डबा. मग एक लहानसं घोंगडं, कोकराच्या पहिल्या लोकरीचं, इतकं मऊ की हात लावावा आणि काढू नये. मी म्हटलं, किती ही माया!

रूथ दारात उभी होती, पदर खोचलेला, हाताला पीठ. थोरल्या आईनं तिला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं पोरी, अशी दारात वाऱ्याला उभी व्हय? आन चुलीम्होरं कुणी बसीवलं तुला?"

पुढं काय झालं ते मला बाहेर दिसलं नाही, नंतर रूथनं सांगितलं. थोरल्या आईनं तिला धरून आत नेलं, कानाला फडकं गुंडाळलं, बाजेवर निजवलं, बाजेखाली शेगडी सरकवली आणि तोंडात डिंकाचा लाडू कोंबला. एक संपला की दुसरा. स्वयंपाकाचा ताबा वहिनींनी घेतला. रूथनं मुकाट्यानं सगळं करून घेतलं. का? तर तिच्या नवऱ्यानं बजावलं होतं. तिला वाटलं, यांच्यात सुनेचं पहिलं स्वागत असंच करतात. खालून धग, वरून लाडू. बरं, कुणाची काय रीत असते, आपण कशाला नावं ठेवायची.

इकडं ओट्यावर मी आणि आबा. घोंगडी अंथरली. आबा बसले, मुंडासं सारखं केलं, जरा लाजल्यासारखे हसले. आत बघत, खालच्या आवाजात म्हणाले, "गोविंदा, कसा हाय?"

दाविद हे नाव त्यांच्या जिभेला कधीच बसलं नाही. ते मला गोविंदाच म्हणायचे.

आता माझं ऐका. त्या आठवड्यात आमच्या घरात केकशिवाय दुसरा विषय नव्हता. पातेल्याच्या खाली निखारे, वर निखारे, रात्री दोघं राखण करत बसलेलो. म्हादूला मी केकचं सांगितलेलं. मग आबा दुसरं कशाचं विचारणार?

"झकास हाय, आबा," मी म्हटलं. "रंग तर असा तांबूस आलाय. मधी जरा बसलाय, पण त्याला इलाज न्हाय."

आबांना 'मधी बसलाय' काही कळलं नसावं. पण मान डोलावली. "पहिलाच न्हवं?"

"दुसरा. गेल्या वर्षी एक झाला व्हता. वाया गेला."

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुष्कळ वेळ ठेवला.

"कळवलं न्हाईस रं आमाला."

"त्यात काय कळवायचं, आबा?" मी म्हटलं. "रूथ जरा हिरमुसली, दुसऱ्या दिवशी ईसरली."

आबांनी हात काढून घेतला. माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, उन्हातून आल्यामुळं जरा शिणलेत.

"आता कुठं हाय तो?" त्यांनी विचारलं. "आवाज कसा न्हाय?"

आवाज? केकचा? पण म्हटलं, ज्यानं आयुष्यात केक पाहिला नाही त्याला काय कल्पना असणार. मी समजावून सांगितलं. "मागल्या खोलीत हाय. राती लई गरम व्हता, आता गार पडलाय. मुंग्या लागू नयेत म्हणून परातीत पाणी घालून मधी ठेवलाय. वरनं टोपलं झाकलंय."

"टोपलं?"

"मांजर येतंय, आबा."

आबांनी आवंढा गिळला. आणि मी? मला वाटलं, ऐकूनच यांच्या तोंडाला पाणी सुटलंय. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून, अगदी प्रेमानं म्हटलं, "काळजी करू नगा. जेवणं झाली की समद्यांच्या म्होरं कापतो. पहिला तुकडा तुमाला."

सत्तरीचा म्हातारा, पण काय उठला! हातातली काठी आडवी धरून माझ्यापासून मागं मागं सरकला, आणि घरात तोंड करून फाटक्या आवाजात ओरडला, "अगं, लेकरू उचल! आधी लेकरू उचल!"

त्याच वेळी आतून थोरली आई बाहेर आली. रडत. तिच्या हातात मातीचं बाळ.

त्याचं असं झालं होतं, तिनं रूथला विचारलं होतं, बाळ कुठं आहे? रूथनं नगरच्या रिवाजाप्रमाणं खोलीच्या कोपऱ्यात कडबा पसरून मातीची मरिया, योसेफ, मेंढरं आणि मधे गव्हाणीत येशूबाळ असा देखावा मांडला होता. तिला वाटलं, देखाव्याचं विचारतायत. बाजेवर पडल्या पडल्या, तोंडात लाडू असताना तिनं बोट दाखवलं, ते काय, कोपऱ्यात, गवतावर.

"पोरीचं डोस्कं फिरलंय वं," थोरली आई आबांना म्हणाली. "लेकरू ऱ्हायलं न्हाय, आन मातीचं घेऊन बसलीया."

आबा मागल्या खोलीकडं धावले. मी त्यांच्या मागं. त्यांनी काठीनं टोपलं उडवलं. परातीत, पाण्याच्या मधोमध, आमचा केक. तांबूस. मधी जरा बसलेला.

आबा त्याच्याकडं बघतायत. मी आबांकडं बघतोय. दारात कानाला फडकं बांधलेली, घामानं निथळणारी रूथ.

सगळ्यात आधी डोकं चाललं ते रूथचं. ती माझ्याकडं वळली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही म्हादूला नेमकं काय सांगितलं होतं?"

मी सांगितलं. आबांनी त्यांना मिळालेला निरोप सांगितला. म्हादूनं बैल हाकता हाकता एकच शब्द सांडला होता, 'सण'. उरलं ते असं: गोविंदाच्या घरी बाळ जन्मलं, समद्यांनी जेवाया या.

मी मातीच्या बाळाकडं बोट केलं आणि म्हटलं, आबा, हेच ते. आमच्या देवाचा जन्म आहे आज. नाताळ म्हटलं तर तुम्ही येणार नाही, म्हणून मी असं फिरवून सांगितलं.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं, संपलं सगळं. घराण्यात पोरगं आलं म्हणून म्हाताऱ्यानं सगळी आडकाठी बाजूला ठेवली होती, रात्रीच गाड्या जुंपल्या होत्या, घोंगडं विणून घेतलं होतं. आणि पोरगं नाहीच. आता हे उठणार, गाड्या जुंपणार, आणि पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाहीत. चुलतभाऊ बैलांकडं बघायलाही लागले होते.

आबांनी भिंतीला टेकून बैठक मारली. मुंडासं काढून तोंड पुसलं. आणि मोठा सुस्कारा सोडला.

"म्हंजी कुणाला कापायचं न्हाय?"

"न्हाय, आबा."

"आन मागलं बी कुणी मेलं न्हाय?"

"न्हाय, आबा. करपला व्हता."

मग ते हसायला लागले. आधी आवाज नाही, नुसतं पोट हलत होतं. मग डोळ्यांतून पाणी. ते बघून थोरली आई, मग वहिन्या, मग रूथ. मी तेवढा हसावं की नाही या विचारात उभा.

थोरल्या आईनं पदरानं डोळे पुसले आणि हातातलं बाळ न्याहाळलं. म्हणाली, देवाचं का असेना, लेकरूच हाय ना? रामनवमीला आपण पाळणा हालवतोच की. आणलाय तर रिकामा कशाला न्यायचा?

झालं. आढ्याला दोर बांधला, पाळणा टांगला. बाळाला कोकराच्या लोकरीच्या घोंगड्यात गुंडाळलं. बायकांनी दोन्ही बाजूंना उभं राहून कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत पाळण्यावरून खाली त्याची देवाणघेवाण केली. रूथनं कानात 'येशू' सांगितलं, तोवर आमच्या प्रभूची दोन नावं ठेवून झाली होती. मग वहिन्यांनी पाळणा म्हटला आणि रूथनं तिच्या चर्चमधलं नाताळचं गीत म्हटलं. मला वाटलं, आपले पाद्रीसाहेब ऐकतील तर काय म्हणतील? पुढं त्यांना सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, येशूबाळाला बघायला मेंढपाळच आले होते ना पहिल्यांदा? मग बरोबरच झालं.

आता उरलं जेवण. पानं मांडली. मटणाचा रस्सा, भाकरी, भात. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा, आणि ओतायला काही पुढं होत नाही. आबांनी ते पाहिलं. उठले, पानावर येऊन बसले आणि पेला पुढं केला.

"वत," ते म्हणाले. "मन घट करून आलोय. आता उपाशी जाऊन काय करू?"

प्यायले. सगळा पेला प्यायले. माझ्या छातीवरचं ओझं तिथं उतरलं, ते सांगता येत नाही. नुसतं डोळ्यांपुढं वडील आले.

केक मी कापला. पहिला तुकडा आबांना. सुरी हातात घेतली तेव्हा ते जरा सरकून बसले, एवढंच.

तेव्हापासून आमच्या घरचा नाताळ तसाच होतो. आदल्या दिवशी गाड्या येतात, सकाळी पाळणा हलतो, डिंकाचे लाडू थोरली आईच करते, आणि रूथला बाजेवर निजवल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. रूथही हसत निजते. वर्षाकाठी एक दिवस विसावा, ती म्हणते, कोण सोडील?

पुढं दोन वर्षांनी आम्हाला खरोखरच मुलगी झाली. आता मात्र गाडीवानाच्या भानगडीत पडायचं नाही, म्हणून मी स्वतः निरवांगीला गेलो. आबा शेतात दारं धरत होते. मी बांधावर उभा राहून, एकेक शब्द स्वच्छ उच्चारून सांगितलं. आबा, मुलगी झाली. रूथला. मातीची नव्हे.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. पाण्याला वाट करून दिली. मग फावड्यावर रेलून म्हणाले, "बरं झालं. रूता सांगंल तवा निघू."

मी म्हटलं, "आबा, ती बाळंतीण हाय. सव्वा महिना उंबऱ्याभाईर पडायची न्हाय. ती कशी सांगंल?"

"मग सव्वा महिना थांबू की," आबा म्हणाले. "तुझ्या सांगण्यावर गाड्या जुपाय आमी काय खुळं हाय?"