बाबांना पाठ झालेला सोलो

जॅझमध्ये मधे एक जागा मोकळी ठेवलेली असते. तिथे आधी काही ठरवायचं नाही, सोबत्यांचं ऐकायचं आणि त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं. नांदेडला विद्यापीठात सॅक्सोफोन शिकताना एवढी एकच गोष्ट माझ्या पचनी पडत नव्हती. ऐकून सूर ओळखायच्या परीक्षेत मी पहिली यायची, कारण तिथे उत्तर ठरलेलं असतं. मी लातूरची. आमच्याकडे गणितसुद्धा पाठ करतात.

शेवटच्या परीक्षेआधी सर म्हणाले, "चुकलीस तरी पास करीन, पण तुझं वाजव. पाठ केलेलं ऐकू आलं तर नापास."

मी दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून त्या मोकळ्या जागेसाठी एक सोलो रचला आणि घोटून घोटून पाठ केला. अडखळायच्या जागासुद्धा ठरवल्या, आत्ताच सुचतंय असं वाटावं म्हणून. काय ती माझी हुशारी!

परीक्षा लोकांसमोर होती. बाबा भांड्यांचं दुकान बंद ठेवून लातूरहून आले आणि थेट पहिल्या रांगेत बसले. सर माझ्या साथीला पियानोवर होते.

मोकळी जागा आली, मी सुरू केलं, आणि समोरून गुणगुणणं ऐकू आलं. बाबा! मला त्यांचीच लाज वाटली. इथे काय भजन चाललंय का? मी डोळे वटारले, तर ते खूश होऊन आणखी मोठ्यानं गाऊ लागले. मग लक्षात आलं, ते माझ्या मागून गात नव्हते, बरोबरीनं गात होते. ठरवलेल्या जागी मी अडखळले. तेही अडखळले. पियानोवर वाकलेली सरांची मान वर झाली.

वाजवून झाल्यावर सरांनी बाबांना विचारलं, "काका, तुम्हाला हे कसं येतं?"

"येणार न्हाई व्हय? सुट्टीभर हेच वाजवत व्हती पोरगी."

सरांनी पियानोचं झाकण लावलं आणि मार्कांचा कागद पुढे ओढला. ते ओरडले असते तर परवडलं असतं. बाबांकडे बघायची तर माझी हिंमतच होत नव्हती.

बाबांनी मात्र कौतुकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मार्क द्या सर चांगले," ते म्हणाले, "येक सूर चुकला न्हाई तिचा. मी संगंच व्हतो ना."