परत येण्याचा नियम

कॉलेजातून परतताना कळंब्यात मी कॅरम बघत थांबायचो. तिथं पंच नव्हता. खेळणारेच हात वर करून नियम बदलायचे. नवा नियम निघाला की एक म्हातारे गृहस्थ स्ट्रायकर खाली ठेवून त्यातली चूक शोधायचे.

एकदा ठरलं, महिनाभर न येणाऱ्याची जागा जाईल. ते म्हणाले, "गेलेला परत कसा येणार, ते बी ठरवा की."

"आबा, तुमी कुठं निघालाय?" सगळे हसले. नियम झाला.

पुढे बायकोच्या आजारपणात ते आलेच नाहीत. ती वारल्यावर आले, तेव्हा त्यांच्या जागी दुसराच बसला होता. नियम बदलायला कुणीच हात वर केला नाही. त्यांना तर आता तो हक्कही नव्हता.

"नियम हाय की," म्हणत ते मागं उभे राहिले. पाठीशी बांधलेल्या हाताचं बोट मधूनच टिचकी मारत होतं.