विमानतळावरच्या बाईचा आवाज

चष्मेवाल्यांची बायको जन्मभर दुसऱ्यांच्या प्रेमात पडत आली, आणि चष्मेवाल्यांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. धंदाच तो. परदेशी सिनेमा आपल्या भाषेत आणायचा, तर पडद्यावरच्या पोरीला कुणीतरी आवाज द्यायला हवा; तो ही द्यायची. सिनेमेही ठरलेले. सुट्टीला घरी आलेली मुलगी, बाहेर बर्फ, आत सजवलेलं झाड, आधी कडाक्याचं भांडण आणि शेवटी विमानतळावर धावत जाऊन होकार. संध्याकाळी ते विचारायचे, आज कोणाला हो म्हणून आलीस? चपला काढता काढता ती सांगायची, एका बेकरीवाल्याला; दिसायला बरा होता, पण तुमच्यासारखाच घुम्या.

पन्नाशी उलटली तरी तिचा पडद्यावरचा आवाज बाविशीच्या पुढे सरकला नाही. घरचा आवाज निराळा. जाडसर, खरखरीत, दूध उतू गेलं की चारही मजल्यांना कळवणारा. त्या आवाजाच्या धाकात लेक वाढली, आणि चष्मा नेऊन पैसे बुडवणारी गिऱ्हाइकं जिन्यावरूनच परत फिरली.

यंदा ती खरखर वाढली. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि चष्मेवाल्यांना बाजूला घेतलं. गाठ स्वरयंत्रावर होती, सगळं काढावं लागणार होतं. बाई वाचतील, म्हणाले, आवाज नाही.

लेक दूरगावी. तिनं फोनवर रडून घेतलं आणि मग व्यवहाराचं सांगितलं: बाबा, ऑपरेशनच्या आधी मोबाइलवर आईचं बोलणं भरून ठेवा. चष्मेवाल्यांनी लगेच मोबाइल बायकोच्या तोंडासमोर धरला. तिनं पाठ ताठ केली, ओठांवरून जीभ फिरवली, आणि गळ्यातून बाविशीतली पोर बाहेर आली. ते म्हणाले, बोलू नकोस, मला झापून काढ. तिनं झापलं, पण इतकं लाडिक की त्यांनाच लाजल्यासारखं झालं. मोबाइल साखरेच्या डब्यामागे लपवून पाहिला. डब्याकडे नजर न टाकताही तिचा सूर चढला. माइक खोलीत कुठे आहे ते तिच्या गळ्याला आधी कळायचं. जन्माची खोड, ऑपरेशनच्या तारखेसाठी थोडीच जाणार?

तेव्हा त्यांना पलंगाखालचं खोकं आठवलं. तिच्या सगळ्या जुन्या सिनेमांच्या डिस्क त्यात होत्या. दुकानाला कुलूप लागलं, खिडक्यांचे पडदे ओढले गेले, आणि जन्मात एकही प्रेमपट धड न पाहिलेला माणूस भर दुपारी एकामागून एक प्रेमपट बघू लागला. पोरी बर्फावर घसरत होत्या, बॅगांची अदलाबदल होत होती, चुंबनं होत होती. बायको मात्र कुठेच सापडेना.

"यात तू कुठायस?" त्यांनी शेवटी विचारलं.

मागे शेंगा सोलत बसलेली ती हसली. "मी सापडले असते तर पुन्हा कामाला बोलावलं असतं का मला?"

मग तिनंच वाट दाखवली. मुख्य काम संपलं की किरकोळ आवाज उरायचे. भाजीवाली, रस्त्यातली भांडकुदळ म्हातारी, असले. जो अजून घरी गेला नसेल त्याच्या गळ्यात ते पडायचे. पाय दुखत असायचे, डोक्यात घरचा स्वयंपाक असायचा. तिथे आवाज बदलायची हौस कुणाला?

तेव्हापासून चष्मेवाल्यांनी प्रेमाकडे पाठ फिरवली. नायक गुडघ्यावर बसून अंगठी काढायचा, आणि हे कान लावायचे मागच्या गर्दीला. पाठीमागून तिची टकळी चालूच. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं, पण आता गळा राखून ठेवायचा तरी कुणासाठी, असं तिचं म्हणणं. या नायकाला आवाज देणारा कांदा खाऊन यायचा. त्या रेकॉर्डिंगवाल्याला उचकी लागली तेव्हा सगळा सीन पुन्हा करावा लागला. चष्मेवाले दर वेळी हात वर करायचे. श्श, ऐकू दे.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी शेवटची डिस्क लागली. नायक विमानतळावर धावत होता आणि वर, छतातून, कंटाळलेला जाडसर आवाज आला: "बर्फामुळे विमान उशिरा सुटेल. प्रवाशांनी बसून घ्यावं."

तीच. दूध उतू गेल्यावरची, गिऱ्हाइकांना पळवणारी. त्यांनी सिनेमा मागे नेला, पुन्हा लावला. मागून ती काहीतरी बोलली. त्यांनी वळून न बघता सांगितलं, "थांब जरा." आणखी एकदा लावला. वळून पाहिलं तोवर ती दवाखान्याची पिशवी भरायला आत गेली होती.

ऑपरेशन उत्तम झालं. सगळ्यांनी तसंच सांगितलं. घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी लेकीला फोनवरून ती ओळ ऐकवली. लेक रडली, शेजारीण येऊन ऐकून गेली. बायको गळ्याला पट्टी बांधून, हात मांडीवर ठेवून बसली होती. बसून घ्यावं म्हणून टीव्हीतून ती स्वतःलाच पाचसहा वेळा सांगून झाली, तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला.

शांतता झाली, आणि त्यांना ती दुपार आठवली. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले. "त्या दिवशी मागून तू काय म्हणाली होतीस गं?"

तिनं जरा आठवून पाहिलं. मग ओठ हलवले. त्यांना कळलं नाही. त्यांनी दवाखान्यानं दिलेली पाटी पुढे केली, ती तिनं बाजूला सारली. लिहून दाखवण्याएवढं मोठं काही नसावं. तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश. लोकांचे डोळे तपासण्यात आयुष्य घालवलेल्या चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून तिच्या ओठांकडे नीट पाहिलं.

"कळलं," ते म्हणाले.

तिला खोटं लगेच ओळखू यायचं. या वेळी ती त्यांना काहीच म्हणाली नाही.